ल कुठल्या हाताचा

डॉक्टरांनी माझा डावा हात टेबलावर उताणा ठेवला, मनगटावर बोटाने टकटक केली आणि विचारलं, "डावखुऱ्या आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने, फळाही उजव्यानेच पुसते."

"मग उजवा ठणठणीत आणि डावा असा, हे कसं?"

हे त्यांनी मला सांगायचं होतं, आणि तेच मला विचारत होते. मला राग लवकर येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी रागाच्या आधी कुतूहल आलं. खरंच, डावाच का? टायपिंग काही एका हाताने करत नाहीत. तेवीस वर्षं मी महाडमध्ये टायपिंगचा क्लास चालवते आहे. दोन्ही हातांना सारखं काम, प्रत्येक बोटाला त्याचं ठरलेलं घर, हे वाक्य मी दर बॅचला पहिल्या दिवशी म्हणते. मग एकाच हाताला मुंग्या का याव्यात? सकाळी मूठ वळेना, भाकरी थापताना मनगटातून कळ जाई, पेल्यातलं पाणी सांडे. सगळं डाव्याचंच.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. मनगटातली शीर चेपली जाते आहे. हात वाकडा करून काहीतरी सारखं केलं जातंय, ते शोधा आणि बंद करा. तीन महिने बघू. नाही थांबलं तर ऑपरेशन, आणि त्यानंतर पूर्वीसारखा स्पीड राहील असं ते लिहून देणार नव्हते. "तोवर टायपिंग बंद ठेवता आलं तर उत्तम," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

टायपिंग बंद ठेवून टायपिंगचा क्लास कसा चालवतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मुलं कानांनी शिकत नाहीत, डोळ्यांनी शिकतात. मी शेजारी बसून ओळ मारून दाखवली की त्यांची बोटं हलतात. माझा हात गेला की क्लास गेला, इतकं ते साधं होतं. 

क्लास म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जिना उतरून डावीकडे गेलं की चार मिनिटांत चवदार तळं. मार्चात तळ्यावर माणसं लोटतात तेव्हा क्लास बंद असतो आणि जिन्याखाली आमचे पाण्याचे पिंप असतात. खाली झेरॉक्सचं दुकान. वर अकरा कॉम्प्युटर, एक जुनं टाइपरायटर मशीन शोभेला, आणि भिंतीवर माझा चार्ट. चार्टवर कीबोर्डचं मोठं चित्र, आणि कोणतं अक्षर कुठल्या बोटाने दाबायचं ते रंगाने दाखवलेलं. डाव्या हाताला लाल-केशरी छटा, उजव्याला निळ्या-हिरव्या. पोलादपूरला ज्या सरांकडे मी शिकले, त्यांच्या क्लासमध्ये असाच चार्ट होता. माझा क्लास निघाला तेव्हा मी त्यावरूनच पेंटरकडून हा करून घेतला.

माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवरच नोकरी करते. तिला फोनवर हाताचं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तुला स्प्लिट कीबोर्ड पाठवते. आमच्याकडे अर्धं ऑफिस त्याच्यावर काम करतं." मी म्हटलं, मला कसले नखरे, मी मशीनवर शिकलेली बाई. ती म्हणाली, "म्हणूनच." तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय, म्हणून मी वाद वाढवला नाही.

कुरियर आलं तेव्हा झेरॉक्सवाला भाऊ जिन्यात उभा होता. खोका मी त्याच्यासमोरच फोडला. आत कीबोर्डचे दोन तुकडे, मध्ये एक वायर. त्याने तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, हा फुटलेला आलाय. आजच परत पाठवा, मागनं घेत नाय ते लोक."

मी त्याला सांगितलं की हा असाच असतो. डावा तुकडा डाव्या हाताखाली, उजवा उजव्याखाली, मध्ये वीतभर जागा. खांदे मोकळे राहतात, मनगट सरळ राहतं. त्याने मान डोलावली, पण संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की मॅडमना कुणीतरी फसवलं.

विद्यार्थ्यांसमोर नव्या कीबोर्डवर अडखळायची माझी तयारी नव्हती. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असतो. दार लोटून घेतलं, तुकडे मांडले, पाठ ताठ केली आणि रहिवासी दाखल्याचा अर्ज मारायला घेतला. हा अर्ज मी इतक्या वेळा सांगितला आहे की झोपेतही म्हणेन. पहिली दोन वाक्यं छान गेली. मनात म्हटलं, यात काय विशेष? मग स्क्रीनकडे पाहिलं.

एकही ल नव्हता. 'गेला'चा 'गो' झाला होता आणि 'केला'चा 'को', ल गळून मात्रा आणि काना जुळले होते. अर्जदार नोकरीनिमित्त मुंबईस गो, तेथे वास्तव्य को. मी परत मारलं. परत तेच. मला वाटलं बटण बिघडलंय, झेरॉक्सवाला बरोबर होता. ल मुद्दाम उजव्या बोटाने दाबून पाहिला, तर झकास उमटला. बटण चांगलं होतं. मग माझा ल जात कुठे होता?

यावेळी मी स्क्रीन सोडून हातांकडे पाहत टाइप केलं. जे मुलांना कधी करू देत नाही, ते स्वतः केलं. 'केला' मारताना क झाला, मात्रा झाली, आणि माझ्या डाव्या हाताची तर्जनी उठली, आपल्या तुकड्याच्या कडेवरून बाहेर गेली आणि दोन तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या टेबलावर जाऊन आपटली. टक्. सनमायकावर.

मी थांबले. परत मारलं. परत टक्. मला हसू यायला लागलं. माझंच बोट, आणि ते कुठे जातं हे मला माहीत नव्हतं. इंग्रजीत जिथे वाय असतो तिथे आमचा ल. कीबोर्डच्या मधोमध, वरच्या ओळीत. कीबोर्ड मधून कापला की ल उजव्या तुकड्यावर जातो, म्हणजे तो उजव्या हाताचा. माझी डावी तर्जनी मात्र ज ओलांडून, मनगट वाकडं करून, इतकी वर्षं त्याला आणायला जात होती. आणि मराठीत ल किती वेळा येतो ते टायपिस्टला विचारा. झालं, गेलं, केलं, मिळालं. घडून गेलेली प्रत्येक गोष्ट ल मागते. सरकारी कागदात तर घडून गेलेल्या गोष्टींशिवाय दुसरं काय असतं?

डॉक्टरांचा प्रश्न सुटला होता. डावाच का, ते कळलं. पण त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघाला, की मी असं का करते? उठून चार्टसमोर उभी राहिले. चार्टवर ल केशरी होता. म्हणजे डाव्या तर्जनीचा. बरं, म्हणजे मी चार्टप्रमाणेच चालत होते. मग कपाटातलं परीक्षेचं छापील पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रात ल उजव्या हाताकडे होता. आणि त्या चित्रावर निळ्या पेनने, माझ्या अक्षरात, फुली मारलेली होती. बाजूला लिहिलं होतं, 'छपाईची चूक. चार्ट पाहा.'

मी खुर्चीत बसले. आठवलं. दर एक-दोन बॅचमागे एखादी चौकस मुलगी पुस्तक घेऊन यायची, "मॅडम, यात वेगळं दिलंय." मी म्हणायची, छपाईची चूक आहे. आणि हे मी माझ्या मनाने म्हणत नव्हते. आमचे सर असंच म्हणायचे. सर म्हणाले छपाईची चूक, म्हणून आम्ही म्हटलं छपाईची चूक. आवृत्त्या बदलल्या, पुस्तकाचं मुखपृष्ठ बदललं, मशीन जाऊन कॉम्प्युटर आले, आणि दर आवृत्तीत तीच चूक परत कशी छापली जाते, असं मला एकदाही वाटलं नाही. मला! भाजीवाल्याने काटा जरा लवकर उचलला तर जिला शंका येते तिला!

त्यानंतरचे पंधरा दिवस मी महाडभर लोकांचे हात बघत हिंडले. दुसरं काही सुचतच नव्हतं. बँकेत पासबुक भरायला गेले आणि काचेला नाक लावून उभी राहिले. तिथली मुलगी पुण्यात शिकलेली, तिचा ल उजव्या हाताने. तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बसणारा दस्तलेखक माझा विद्यार्थी, त्याचा ल डाव्याने. पंचायत समितीतली बाई माझीच, डाव्याने. कोर्टातल्या टायपिस्टकडे काही काम नसताना गेले. तो माझ्याहून सीनियर, पोलादपूरला आमच्याच सरांकडे शिकलेला. समोरच्या बाकावर बसून मी त्याची तर्जनी पाहत राहिले. ज ओलांडून गेली. परत आली. पुन्हा गेली.

त्याने शेवटी विचारलं, "काय गो बाय, काय हवंय? मघापासून बघतेस."

"काही नाही," मी म्हटलं. "बसले जरा."

तसं पाहिलं तर मोठी गंमत होती. दोन तालुक्यांतल्या कचेऱ्यांतून जन्माचे, मृत्यूचे, जमिनींचे कागद निघत होते आणि त्यातल्या कितीतरी कागदांवरचा ल चुकीच्या हाताने उमटलेला होता. कागदावर पाहून कुणालाही ते कळलं नसतं. मी एकटीच हसत रस्त्याने चालले होते. मग घरी येऊन कांदा चिरायला घेतला आणि सुरी डाव्या हातातल्या कांद्यावरून घसरली, कारण डाव्याने कांदा धरता येईना. तेव्हा हसू गेलं.

कारण हात सुधारत नव्हता. रोज दुपारी मी नव्या कीबोर्डवर बसत होते. इतर सगळी अक्षरं आपापल्या जागी बसली. मनगट सरळ राहत होतं, खांदा उतरला होता, हे सुख होतं. पण ल आला की डोक्यात गाडी बंद पडे. डावा हात निघे, मी त्याला दटावे, उजवा गोंधळे, आणि तोवर शब्द हातचा गेलेला असे. माझा स्पीड साठ होता, तो पंधरावर आला. तीस शब्दांच्या परीक्षेत मी नापास झाले असते. सकाळच्या बॅचला दाखवताना जुनाच कीबोर्ड घ्यावा लागे, आणि तिथे डावा हात आनंदाने आपल्या जुन्या वाटेने जाई. दुपारी शिकलेलं सकाळी पुसलं जात होतं. तीन महिन्यांतला एक संपला.

मग मात्र राग आला, आणि चांगलाच आला. हे मला शिकवलं कुणी? सरांनी. पुस्तकात बरोबर दिलेलं असताना चुकीचं शिकवलं का? माहीत नव्हतं म्हणावं तर सर असे नव्हते. अनुस्वार सुटला तर अख्खं पान परत मारायला लावणारा माणूस. मला उत्तर हवं होतं. खरं सांगायचं तर भांडायचंही होतं. रविवारी पिशवीत लॅपटॉप आणि कीबोर्डचे दोन तुकडे टाकले आणि पोलादपूरची एसटी पकडली.

सरांचा क्लास पोलादपूरच्या स्टँडजवळ होता, तो केव्हाच बंद झाला. ते आता गावी असतात, उमरठच्या रस्त्याला, बौद्धवाडीत. स्टँडवरून रिक्षा मिळाली. सर ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरात आलेले, पण शर्ट इस्त्रीचा. मला पाहून उठायला लागले.

"जयभीम, सर. उठू नका."

"जयभीम. काय गो, वाट चुकलीस? महाडात क्लास जोरात चाललाय म्हनं तुझा."

सूनबाईंनी चहा आणला. मी चहा संपेपर्यंतही धीर धरला नाही. लॅपटॉप उघडला, दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर टीपॉयवर मांडले आणि काय झालं ते सांगितलं. हात, डॉक्टर, टेबलावर आपटणारं बोट, पुस्तकातली फुली, कोर्टातला टायपिस्ट, सगळं. ते दोन तुकड्यांमधल्या जागेकडे बघत होते. मी शेवटी विचारलं, "सर, पुस्तकात छपाईची चूक नव्हती. तुम्हाला माहीत होतं का?"

"व्हय," ते म्हणाले.

मी पुढची वाक्यं एसटीत तयार करून आणली होती, ती सगळी त्या एका शब्दाने अडवली. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला आणि बोटं सरळ केली. चार सरळ झाली. तर्जनी वाकलेलीच राहिली. मधल्या पेरावर एक पांढरा, जुना व्रण होता.

इतकी वर्षं ते बोट मी पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो. सर म्हणायचे, बोटं वाकलेली ठेवा, टायपिस्टचं बोट कधी ताठ नसतं. आम्हाला वाटायचं ती त्यांची सवय आहे. आम्हीही तशीच वाकवायचो.

"इळा लागला," ते म्हणाले. "अकरावीला होतो. दुसऱ्याच्या बांधावर गवत कापत होतो. शीर तुटली. गावातल्या मानसानं बांधला पाला, आनि बोट असंच बसलं. न च्या बटनापावतर कसंबसं जायचं. ल लांब. मशीनवर जोर लागायचा, तुला ठाव हाय. तितवर पोचायचंच नाय. मग डाव्यानं मारायला लागलो. परीक्षेत स्पीड बघतात, बोटं कोन बघतो? पास झालो."

"पण आम्हाला का तसं शिकवलं? तुम्ही डाव्याने मारा, आम्हाला उजव्याने सांगा."

"मी दाखवनार डाव्यानं आनि सांगनार उजव्यानं? पोरं गप बसतील? इचारतील, सर तुमचं बोट दाखवा." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "क्लासला मान्यता हवी होती. साहेब तपासनीला येनार होता. वाडीतल्या मानसाचा टायपिंग क्लास, भर बाजारपेठेत. आधीच नाय म्हनायला कारनं काय कमी होती त्यांना? त्यात मास्तराचं बोट मेलेलं. म्हटलं ह्यो कुनाला कळता नये. आदल्या दिवशी चार्ट रंगवायला बसलो आनि ल वर केशरी रंग दिला. साहेबानं चार्ट चांगला रंगवलाय म्हनून शाबासकी दिली. मान्यता मिळाली. मग तो रंग बदलायचा कसा? एकदा खोटं भिंतीवर लागलं की ते काढाय लय हिंमत लागते गो. माझ्याकडं ती झाली नाय."

ओटीवर कोंबडी आली, तिला सूनबाईंनी हाकललं. मी पाहत राहिले. भांडण कुठे गेलं ते कळलं नाही. मान्यतेसाठी मीही साहेबांसमोर उभी राहिले आहे. कागद तीनदा परत आला होता माझा. चौथ्यांदाही मंजूर झाला नसता तर मी काय काय रंगवलं असतं, सांगता येत नाही.

"तुझा हात दुखतोय तो माझ्यापायी ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायची फार इच्छा झाली. आपल्याकडे अशा वेळी नाहीच म्हणतात. पण ज्या माणसाने इतक्या वर्षांनी व्हय म्हटलं होतं, त्याच्यापुढे खोटं बोलवेना.

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "बाकीच्यांचं? कोर्टातल्याचं, तुझ्या पोरांचं?"

 पंधरा दिवस मी लोकांचे हात चोरून बघितले होते. गंमत वाटली, हसले. हात दुखतो का, हे एकालाही विचारलं नव्हतं.

"इचार त्यांना," सर म्हणाले. "आनि उद्या क्लासला गेलीस की सांग. छपाईची चूक नव्हती, आमच्या मास्तराचं बोट सरळ व्हत नव्हतं, म्हनून सांग. लाजू नको. मी लय लाजलो, दोन तालुक्यांना भोवलं."

"सांगेन," मी म्हटलं. "पण आधी मला जमलं पाहिजे. महिना झाला, डावा हात ऐकत नाही. उजव्याने मारायला गेलं की डावा मध्ये येतो. असंच राहिलं तर क्लास बंद करावा लागेल मला."

त्यांनी मग खुर्ची पुढे ओढली, टीपॉय माझ्याकडे सरकवला, आणि आवाज बदलला. तो आवाज मला माहीत होता.

"बस नीट. पाठ सरळ. डावा तुकडा काढ तितनं, नुसता हात ठेव."

मी डावा तुकडा बाजूला केला आणि रिकामा हात टीपॉयवर पालथा ठेवला. त्यांनी आपला उजवा हात त्याच्यावर ठेवला आणि दाबला. वाकलेलं बोट माझ्या मनगटावर आलं, बरोबर दुखतं त्या जागी.

"आता मी सांगतो ते उजव्यानं मार. सगळं उजव्या हाताचंच हाय, डाव्याचं कामच नाय. लाल."

मी मारलं. डावा हात त्यांच्या तळव्याखाली उसळला. त्यांनी दाबून धरला.

"नवल. वाल. साल. चालला. वाचला. सारवला."

मला आश्चर्य वाटलं. फक्त उजव्या हाताची अक्षरं असलेले शब्द ते न अडता सांगत होते, आणि प्रत्येकात ल होता. असा धडा पुस्तकात नाही. असे शब्द बसल्या जागी सुचत नाहीत, ते कधीतरी जमवून ठेवावे लागतात. मी टाइप करता करता विचारलं, "सर, हा धडा केव्हा केलात?"

"पहिल्या वर्षीच. चार्ट लागला त्या आठवड्यात," ते म्हणाले. "माझं बोट कधी सरळ झालं तर पोरांना द्यायचा म्हनून. लक्ष शब्दावर ठेव. दलाल. पाल. पावला."

माझी ओळ वाकडीतिकडी जात होती. दर ल ला डावा हात उठू पाही आणि दर वेळी त्यांचा हात त्याला खाली बसवी. चहाचे कप तसेच पडले होते. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. दोन पानं झाली असतील.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय."

"माझंबी दुखायचं. ल आला की." ते स्क्रीनकडे बघत होते. "घरातबी कुनाला सांगितलं नाय. चालला."

मी 'चालला' मारलं. दोन ल होते. डावा हात त्यांच्या हाताखाली शांत पडून होता. मला ते कळलं, त्यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी दाबायचं थांबवलं. पण हात काढला नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही. त्यांनी पुढचा शब्द सांगितला.